माती कोणती?

मारेगावच्या बसस्टँडजवळ एका पानठेल्यावर परवा दोन तरुण अगदी हमरीतुमरीवर आले होते. भांडण शेताच्या धुऱ्याचे नव्हते आणि नगरपंचायतीच्या राजकारणाचेही नव्हते. एकाचे म्हणणे असे, की विजय चौधरीने २०१४, २०१५ आणि २०१६ अशी लागोपाठ तीन वर्षे महाराष्ट्र केसरी मारली. त्याच्यापुढे जुन्या काळचा मारुती माने पाच मिनिटेही टिकला नसता. दुसरा म्हणत होता, "मारुती मान्यानं नुसता मनगट धरला असता, तर तुह्या चौधरीले आठ दिवस घास तोडता आला नसता!"

मारुती मान्यांना या दोघांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते. कवठेपिरानचे माने १९६४ साली हिंद केसरी झाले, तेव्हा या पोरांचे वडीलही जन्मले नसतील. चौधरीलाही त्यांनी पाहिले असणार ते मोबाइलवर. पण आवेश असा, की जणू दोघे पैलवान करंजीकडून येणाऱ्या बसमधून आत्ता उतरणार आहेत आणि समोरच्या मोकळ्या जागेत लंगोट कसून उभे राहणार आहेत.

ठेल्याच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ तंबाखू मळत बसले होते. डोक्याला दुपट्टा, अंगात बंडी, आणि दोन्ही कान मोडून गोळा झालेले. त्यांनी मान वर न करता विचारले, "माती कोनती?"

"कायची माती, आबाजी?"

"कुस्ती लावून रायले ना तुमी दोघाइची? मंग माती कोनती? का गादीवर हाय? अन् टाइम किती?"

पोरे गप्प झाली. म्हाताऱ्यांनी तंबाखू तोंडात टाकली आणि ते रस्त्यावरून जाणाऱ्या कोळशाच्या ट्रककडे पाहू लागले. मला मात्र त्या प्रश्नाने तिथेच बसवले. माझी वणीची बस गेली, आणि तिच्यानंतरचीही.

निरनिराळ्या काळांतले वीर एकमेकांसमोर उभे करून पाहण्याचा हा खेळ कोणाला सुटलेला नाही. गावसकर की तेंडुलकर, यावर घरोघरी जेवणे निवली आहेत. पण क्रिकेटमध्ये आकड्यांचा आधार तरी असतो. जिथे माणूस माणसाला थेट भिडतो, तिथे हा वाद फार कडवा होतो, कारण तिथे एक पडणार आणि एक उरणार. अमेरिकेत तर एका गृहस्थाने हा वाद यंत्राकडूनच सोडवून घ्यायचे ठरवले. मरे वोरोनर त्याचे नाव. १९६७ साली त्याने रेडिओवर सगळ्या काळांतल्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांची एक स्पर्धाच लावली. माहिती संगणकात भरायची, यंत्राने निकाल द्यायचा आणि निवेदकाने तो सामना खरा असल्यासारखा रंगवून सांगायचा. त्यात महंमद अली जिम जेफ्रीजकडून हरला. जेफ्रीज हा विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचा विजेता. अली संतापला आणि बदनामीबद्दल त्याने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. माणूस हरल्यावर चिडतो हे आपण पाहतो. न खेळता हरल्यावर चिडणे हे अलीलाच शोभे.

त्या दाव्याची तडजोड झाली ती आणखी गमतीची. अलीने दहा हजार डॉलरांच्या आसपास रक्कम घेतली आणि रॉकी मार्सियानोबरोबर एका चित्रपटात लुटुपुटूचा सामना खेळायचे कबूल केले. मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ साली निवृत्त झालेला. अलीही तोवर हरलेला नव्हता. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे १९६७ पासून त्याला बंदी होती एवढेच. मार्सियानोने चांगले वीसेक किलो वजन उतरवले, डोक्यावर केसांचा टोप चढवला आणि दोघांनी सत्तरेक छोट्या छोट्या फेऱ्या कॅमेऱ्यापुढे खेळल्या. शेवटही निरनिराळे चित्रित करून ठेवले. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत लोकांनी पाहिले, की तेराव्या फेरीत अली आडवा झाला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अलीच जिंकला! स्वतः मार्सियानोला यातले काहीच कळले नाही. चित्रीकरणानंतर तीन आठवड्यांत, ऑगस्ट १९६९ मध्ये, तो विमान अपघातात गेला होता.

बँकेत संगणक आले तेव्हा आमच्या शाखेतला एक जुना कॅशियर म्हणे, "साहेब, हे यंत्र खोटं बोलत नाही, पण आपण खोटं सांगितलं तर विश्वास ठेवतं." वोरोनरच्या यंत्राचेही तेच झाले. प्रत्येक योद्ध्याचा वेग किती, ठोसा किती जड, मार सोसण्याची ताकद किती, हे आकडे शेवटी माणसांनीच भरले होते. आणि यंत्राला कोणी विचारले नाही, की माती कोणती.

आमच्या कुस्तीला हा प्रश्न टाळताच येत नाही. गामा पैलवानाचेच पाहा. १९१० साली गामा लंडनला गेला. १० सप्टेंबरला पोलंडच्या झिबिस्कोशी त्याची कुस्ती झाली. झिबिस्कोने गामाचे बळ ओळखले, तो पोटावर पडला आणि गादीला चिकटून राहिला. अडीच तासांवर हा प्रकार चालला. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली. आठवड्याने पुन्हा जोड होती, तेव्हा झिबिस्को आलाच नाही आणि पट्टा गामाला मिळाला. पुढे अठरा वर्षांनी, १९२८ साली, पतियाळाच्या महाराजांनी हीच जोड पुन्हा लावली. आता आखाडा आपल्याकडचा आणि रीतही आपल्याकडची. दोघेही पन्नाशीच्या घरातले. एक मिनिट पुरते व्हायच्या आत झिबिस्को चीत झाला!

माणसे तीच. एकीकडे अडीच तास, दुसरीकडे मिनिटही नाही. यातला खरा निकाल कोणता? गामाचा भक्त पतियाळा सांगेल. झिबिस्कोच्या देशात कोणी जुना माणूस लंडन सांगत असेल, आणि त्याला खोटे कसे म्हणावे? एकाच काळातल्या दोन माणसांची तुलना जर जमिनीवर एवढी अवलंबून असेल, तर साठ-सत्तर वर्षांचे अंतर ओलांडून आपण जे निकाल देतो, त्यांत पैलवान किती असतो आणि आपण किती असतो?

तरीही मला हा खेळ सोडवत नाही. माझी स्वतःची आवडती जोड मी वाचकांपुढे ठेवतो. खाशाबा जाधव विरुद्ध राहुल आवारे. ही जोड लावायला सोयीची आहे, कारण वजन एकच, ५७ किलो. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये या गटात ब्राँझपदक मिळवले. आवारेने याच वजनात २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेतले. अंतिम कुस्तीत कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असे हरवले. मध्ये गेली सहासष्ट वर्षे. एक कराडजवळच्या गोळेश्वरचा, दुसरा बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा.

माझा निकाल सांगतो. आजची गादी, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, पाठ वळवली की गुण, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती खलास, असे असेल तर आवारे. तो याच हिशेबात वाढला आहे. किती सेकंद उरलेत आणि किती गुण हवेत, हे त्याच्या अंगाला ठाऊक आहे. पण हेलसिंकीच्या वेळी कुस्ती पंधरा मिनिटांची होती. त्या पंधरा मिनिटांत खाशाबा. आणि लाल मातीत, चीतपट होईपर्यंत, तर खाशाबाच. ज्यांना पटणार नाही त्यांनी मला खुशाल झोडपावे.

यात खाशाबांच्या बाजूने एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा पायाखालची गादी त्यांना नवी होती आणि नियमही नवे होते. तरी ते सहावे आले. त्यानंतर चार वर्षांत त्यांनी ती जमीन इतकी आपलीशी केली, की थेट पदक आणले. म्हणजे असामान्य पैलवानालाही माती सोडून गादीवर रुळायला चार वर्षे लागली. तेव्हा जुन्या मल्लाला आजच्या गादीवर उभे करून "पाच मिनिटे टिकला नसता" म्हणणाऱ्यांनी, त्याला निदान चार वर्षे सरावाला तरी द्यावीत. आपण काय करतो, तर एका माणसाला त्याच्या काळातून उपटून आणतो; त्याची माती, त्याचा वस्ताद, त्याची खुराक, सारे मागे ठेवतो आणि म्हणतो, आता लढ.

पण मला या जोडीत डावपेचांपेक्षाही दुसरे काही दिसत राहते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, माझी नजर खर्चाच्या रकान्याकडे आधी जाते. हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबांना दारोदार पैसे मागावे लागले. गावाने वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजारांना गहाण ठेवले. तिथे जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाली. लगोलग रशियाच्या पैलवानासमोर उभे राहावे लागले. मधे मिळायची ती विश्रांती मिळाली नाही आणि हरकत घ्यायला भारताचा अधिकारी तिथे नव्हता, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. इशी पुढे सुवर्णपदक घेऊन गेला. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, पण पोलिसात फौजदाराची नोकरी मिळायला १९५५ उजाडले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो मरणोत्तर, २००० सालचा.

आवारेही पोलिसातच गेला. पण तो एकदम उपअधीक्षक म्हणून, आणि अर्जुन पुरस्कार त्याला २०२० साली, हयातीत मिळाला. त्याच्या वाट्यालाही निवड समित्यांचे चटके आले. २०१९ साली जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवले ते ६१ किलोच्या गटात, आणि तो गट ऑलिंपिकमध्ये नाही. त्याचे दुःख कमी आहे असे मी म्हणत नाही. पण घर गहाण ठेवणारा प्राचार्य आवारेला लागला नाही. दोन काळांची कुस्ती लावायचीच असेल तर ही बाजूही मोजायला हवी. या बाजूत आजचा काळ जिंकला आहे, आणि जिंकलाच पाहिजे होता.

खरे म्हणजे महाराष्ट्रात दोन काळांची कुस्ती प्रत्यक्षात लागते. महाराष्ट्र केसरीत गादी विभागाचा एक विजेता निघतो आणि माती विभागाचा एक. मग किताबासाठी त्या दोघांची गाठ. १९६१ साली औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासूनची यादी चाळली की पश्चिम महाराष्ट्रातली गावे पुन्हा पुन्हा येतात. २०२५ च्या अहिल्यानगरच्या स्पर्धेत पंचांच्या एका निर्णयावरून केवढे वादळ उठले ते वाचकांना आठवत असेल. दोघे पैलवान जिवंत, समोरासमोर, हजारो लोक पाहताहेत, कॅमेरे चालू आहेत. आणि तरी पाठ टेकली की नाही, यावर एकमत नाही. मग माने आणि चौधरींचा निकाल पानठेल्यावर लागेल ही अपेक्षाच जरा जास्त.

माझ्या नातीने या खेळात एक पाचर मारून ठेवली आहे. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी जिंकली. नात म्हणाली, "आजोबा, हिची जोड जुन्या काळातल्या कोणाशी लावायची?" मी गडबडलो. लावायला कोणी नाही. तशा मुली नव्हत्या असे थोडेच आहे? डोक्यावर दोन गुंड घेऊन नदीची दरड चढणाऱ्या बाया आमच्या लहानपणी आम्ही रोज पाहत होतो. पण त्यांची यादी २०२३ ला सुरू होते. पूर्वीच्यांशी झुंजवायला पूर्वी कोणाला तरी आखाड्यात उतरू दिलेले असावे लागते.

आणि यादीत नसलेले पुरुष? इथे मला पुन्हा त्या मोडलेल्या कानांच्या म्हाताऱ्याकडे यायला हवे.

वऱ्हाडात व्यायामाची परंपरा लहान नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, आणि त्याचे पथक १९३६ साली देशी खेळ दाखवायला बर्लिनला जाऊन आले. खेड्यापाड्यांत जत्रेला, पोळ्याच्या सुमारास, शंकरपटाला जोडून कुस्त्यांची आम दंगल लागते. वजनाचा काटा नाही. पंच नजरेने जोड लावतो, ढोल वाजतो, आणि निकाल लागेपर्यंत किंवा अंधार पडेपर्यंत कुस्ती चालते. जिंकणाऱ्याला नारळ, फेटा, पितळी गुंड, हल्ली रोख इनाम. दुसऱ्या दिवशी पैलवान कापूस वेचायला शेतात. हे कुठे लिहून ठेवलेले नसते.

१९९२ च्या आसपास मी मारेगावच्या शाखेत होतो. एकदा पीककर्जाचा अर्ज भरून घेताना कारकुनाने समोरच्या शेतकऱ्याला विचारले, व्यवसाय? तो म्हणाला, "पैलवान लिवा." कारकून हसला आणि त्याने "शेती" लिहिले. मी शेजारीच होतो. नियमाने ते बरोबरच होते. पैलवानकीवर पीककर्ज मिळत नाही. पण त्या माणसाने त्या रकान्याकडे पाहून मान हलवली ती मला पुढे बरेच दिवस दिसत होती. पानठेल्यावरचे आबाजी म्हणजे तेच, हे मला त्यांचे कान पाहून ओळखायला हवे होते. ओळखले ते त्यांनीच. "तुमी बँकेतले साहेब ना?"

दोन बस गेल्या त्या त्यांच्याशी बोलण्यात. तरुणपणी वणीच्या जत्रेत कोल्हापूरकडचा एक पैलवान आला होता. त्याचे पुढे फार मोठे नाव झाले. त्याच्याशी यांची जोड लागली. "वीस मिनटं झाली, साहेब. ना त्यानं पाडलं, ना म्या पडलो. शेवटी पंचानं सोडवली." कुस्तीनंतर त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, कोल्हापूरला ये, तालमीत राहा. हे गेले नाहीत. वडील नुकतेच वारले होते, दोन बहिणी लग्नाच्या होत्या, आणि पऱ्हाटी उभी होती.

त्या पैलवानाचे नाव मी इथे देत नाही. बँकेची सवय, कागद नाही तर नोंद नाही. आबाजींचे म्हणणे मला खरे वाटते. पण मला खरे वाटणे हा पुरावा नव्हे, आणि एका मोठ्या पैलवानाच्या हिशेबात केवळ माझ्या वाटण्यावरून बरोबरीची कुस्ती कशी घालू? गावसकर आणि तेंडुलकर यांची तुलना करायला दोघांचे आकडे आहेत. खाशाबा आणि आवारे यांची करायला हेलसिंकीच्या आणि गोल्ड कोस्टच्या नोंदी आहेत. वीस मिनिटांच्या या कुस्तीची नोंद एका म्हाताऱ्याच्या डोक्यात आहे, आणि त्यांचे वय आता सत्त्याहत्तरच्या घरात.

पोरांना मात्र आता चांगलीच उत्सुकता लागली होती. चौधरीवाल्याने विचारले, "आबाजी, आजच्या केसरीले तुमी पाडलं असतं?"

"वजन किती हाय त्याचं?"

"असंन सव्वाशे किलो."

आबाजी मोठ्याने हसले. "मी पंच्याऐंशीचा. कायले पाडतो बाबू त्याले? दाबून मारन तो मले." मग जरा थांबून म्हणाले, "पन काळ्या मातीत आना त्याले. पाऊस पडून गेल्यावर. मंग पाहू."

तेवढ्यात त्यांचा थोरला मुलगा त्यांना न्यायला मोटारसायकल घेऊन आला. जाण्यापूर्वी निदान साल तरी पक्के करावे म्हणून मी विचारले, ही कुस्ती नेमकी केव्हाची? आबाजींना साल सांगता येईना. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या हिवाळ्यातली, एवढे नक्की. आणि हा थोरला त्याच हिवाळ्यात झाला. बाळंतिणीसाठी म्हणून जिंकलेले खोबरे घरी नेले होते. मला हायसे वाटले. मुलाचा जन्म कळला की साल हाती आले. आयुष्यभर आम्ही असेच दुवे जुळवून खाती सोडवली.

मी मुलाला जन्मतारीख विचारली. त्याने पाकिटातून आधार कार्ड काढून माझ्या हातात दिले. १ जून १९७४.

"ते गुरुजीनं टाकली," आबाजी मोटारसायकलवर बसत म्हणाले. "शाळेत घातलं तवा याचा हात डोक्यावरून कानाले पुरला, मंग गुरुजीनं लिवली."